एका बटणावर दोन दिवे

अण्णांच्या घरात एक बटण दाबलं की दोन दिवे लागायचे, एक मधल्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. दोन्ही एकदम लागायचे, एकदम विझायचे, आणि दोन्ही लागले तरी उजेड पडला असं म्हणायला जीभ रेटायची नाही. बल्बच्या आतली तार तांबूस व्हायची, एवढंच. हुबळीत केशवापुरात त्यांच्या घरी आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो, त्या संध्याकाळी मी किल्ली घ्यायला खाली गेले आणि त्या तांबूस अंधारात सरळ त्यांच्या सायकलीवर जाऊन धडकले.

"व्होल्टेज फार कमी आहे का हो इकडं?" मी गुडघा चोळत विचारलं.

हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी अण्णांची फार दिवसांची इच्छा असावी. चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज खुलला.

"व्होल्टेज बरोबर आहे. सिरीज आहे ती. एका माळेत दोन बल्ब. व्होल्टेज दोघांत वाटून जातं, म्हणून जळत नाहीत. सतरा वर्षं झाली, हेच दोन आहेत."

"सतरा वर्षं मी पण आहे की ह्याच उजेडात," आतून बाईमाणसाचा आवाज आला. "माझं कौतुक कोण करत नाही."

ह्या अक्का, अण्णांची बायको. ती किल्ली मला त्यांनीच आणून दिली, आणि गुडघ्याला लावायला हळदही.

अण्णांचं नाव मी इथं सांगणार नाही. गल्लीत त्यांना सगळे अण्णाच म्हणत, त्यामुळं फारसं काही बिघडत नाही. मूळचे टर्नर. गोकुळ रोडला पंपांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, तिथं लेथ मशीनवर त्यांची पंचवीस वर्षं गेली. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक बोटाला कळतो असं ते सांगत, आणि ते खोटं नसावं, कारण अक्कांची एखादी चपाती कडेला जाड राहिली तर तेही त्यांना बोटानंच कळायचं. एका सोमवारी ते डबा घेऊन कामावर गेले आणि भरलेला डबा घेऊन परत आले. कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. मुलगा तेव्हा आठवीत होता. पुढची सात-आठ वर्षं त्या घरानं कशी काढली हे अण्णांनी मला कधीच सांगितलं नाही. अक्का सांगायच्या, तेही हसत हसत. त्या शेंगदाण्याची चटणी कुटून दुकानांना द्यायच्या आणि अण्णा घरोघरी मिक्सर नि पंखे दुरुस्त करत फिरायचे. त्याच दिवसांत कधीतरी घरातला बल्ब गेला. नवा आणायच्या ऐवजी अण्णांनी दोन जुने बल्ब शोधून ते सिरीजमध्ये जोडले, आणि ते जे लागले ते लागलेच. पुढं मुलगा इंजिनियर होऊन बेंगळूरला गेला, घराला रंग आला, फ्रीज आला, कपडे धुवायचं मशीन आलं. बल्ब तेच.

अण्णांचा लाडका शब्द म्हणजे 'इरली'. कन्नडमध्ये इरली म्हणजे असू दे. आमच्या हुबळी-धारवाडच्या मराठीत असे शब्द घरच्यासारखे वावरतात, पण अण्णांच्या तोंडी हा शब्द जरा जास्तच वावरायचा. मोडकी छत्री? इरली, काड्या उपयोगी पडतात. एका पायाची चप्पल? इरली, रबराचे वायसर निघतात. जिन्याखालची सगळी खोली अशा 'इरलीं'नी भरलेली होती. सकाळी सातला अंगणातून ठक्-ठक् असा आवाज यायचा. तो अण्णांचा नित्यनेम. दगडावर ठेवून वाकडे खिळे सरळ करायचे आणि लांबीप्रमाणे डब्यांतून लावून ठेवायचे. खिळे रोज येत कुठून, असा मला प्रश्न पडायचा. एकदा प्रसादनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शोध लावला की गल्लीत कुठंही घराचं काम निघालं की अण्णा तिथं चौकशीच्या निमित्तानं जातात आणि खिसे भरून परत येतात.

मी कोप्पीकर रोडवर लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात कामाला होते. कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं काम. मराठी, कन्नड, इंग्रजी, जशी मागणी येईल तशी. जुने नमुने, चुकून छापलेल्या पत्रिका असं पुष्कळ काही रद्दीत जायचं. एकदा मी सहज दहाबारा पत्रिका अण्णांना दाखवायला आणल्या. सोनेरी गणपती, मखमली लखोटे, आत जाळीदार कातरकाम. अण्णा प्रत्येक पत्रिका हातात घेऊन आधी उलटी करायचे.

"पुढून बघा की अण्णा. डिझाईन पुढं आहे," मी म्हणाले.

"पुढचं त्यांच्या कामाचं. मागं कोरं आहे काय बघतोय."

मागच्या बाजूला काहीही छापलेलं नसेल ती पत्रिका त्यांच्या लेखी पहिल्या नंबरची. त्या कोऱ्या पाठीवर मग किराण्याची यादी, पाणी येणाऱ्या दिवसांची नोंद, मुलाचा नवा फोन नंबर असं सगळं उतरायचं. जाड पत्रिकांची अक्का केरभरणी करायच्या. कुणाकुणाच्या शुभमंगलात अक्कांच्या घरचा केर भरला गेला, देव जाणे.

मुलगा दर दिवाळीला काही ना काही आणायचा. एका वर्षी त्यानं ते नवं लांब एलईडी ट्यूबलाईट आणलं आणि स्वतः लावायलाही निघाला. अण्णा म्हणाले, "इरली. सावकाश लावू." ते खोक्यासकट कपाटावर गेलं. अक्कांनी दोनचारदा विषय काढला. अण्णांचं एकच उत्तर, "चांगले चाललेले बल्ब काढायचे?" ह्यावर अक्का आपल्या कामाकडे वळायच्या, कारण बल्ब खरोखरच चांगले चाललेले होते.

मी इथं साळसूदपणे अण्णांची थट्टा करते आहे, पण कोरोनाच्या टाळेबंदीत आम्हा दोघांना त्याच माणसानं उभं केलं. लग्नं थांबली आणि पत्रिका कोण छापणार? दुकान बंद, नंतर उघडलं ते अर्ध्या पगारावर. प्रसादची टुरिस्ट गाडी अंगणात चिंचेखाली उभी, तिच्यावर पानं पडलेली. आम्ही दोघंही खर्चिक. हॉटेलात जेवण आणि सिनेमा ह्यांत आमचे रविवार जायचे. हातातलं संपत आलं तेव्हा दोघंही एकमेकांवर चिडायला लागलो. एक दिवस असंच जोरात भांडण चाललेलं असताना अण्णा जिन्याच्या अर्ध्यावर येऊन उभारले, तोंडाला जुन्या धोतराची पट्टी बांधून.

"कुकरला किती शिट्ट्या करालीस बाळ?" त्यांनी खालूनच विचारलं.

"पाच," मी म्हणाले. भांडणात हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं.

"डाळ सकाळी भिजत घाल. दोन झाल्या की गॅस बंद. कुकरवर गोधडी टाक, अर्धा तास हात लावू नको. बघ शिजते की नाही."

शिजली. त्या दिवसापासून अण्णांची शाळा सुरू झाली. साबणाचे तुकडे नव्या वडीला ओले करून चिकटवायचे. टूथपेस्ट संपली की तिचं पोट कात्रीनं कापायचं, अजून चार दिवस निघतात. भाजी धुतलेलं पाणी झाडाला. आणि सगळ्यांत मोठा धडा म्हणजे दिव्याचा. खोलीतून बाहेर पडताना उंबऱ्यावर पाय पडायच्या आधी हात बटणावर पडला पाहिजे. ह्यात चूक झाली की अण्णा अंगणातून वर बघून हाक मारायचे, "वर लाईट जळतोय." भर चौकात नाव पुकारल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात माझा हात इतका तयार झाला की मी माहेरी, दुकानात, देवळातसुद्धा बाहेर पडताना बटण शोधायला लागले.

त्या दिवसांत आम्ही सुखी होतो असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण होतो. संध्याकाळी चौघंजण गच्चीवर चार कोपऱ्यांत बसायचो, अक्का चुरमुऱ्यांचा चिवडा करून आणायच्या, आणि अण्णा कारखान्यातल्या लेथची आठवण एखाद्या बैलजोडीची काढावी तशी काढायचे. एकदा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, आम्ही आता असेच राहणार. परिस्थिती सुधारली तरी असेच."

अण्णांनी चिवड्यातला कढीपत्ता बाजूला काढला. तोही त्यांचा नंतरसाठी.

"बघू की," ते म्हणाले. "लग्नं चालू होऊ देत."

लग्नं चालू झाली. तुंबलेली सगळी एकदम आली. दुकानात बसायला जागा नाही, प्रसादची गाडी आठवडाभर घरी नाही. पहिल्या महिन्यात मी डाळ भिजत घालत होते. तिसऱ्या महिन्यात शिट्ट्या परत पाच झाल्या. सहाव्या महिन्यात एका रात्री बिर्याणी घेऊन आलेला माणूस पत्ता शोधत फाटकाशी उभा होता आणि अण्णाच ती पिशवी घेऊन वर आले. पिशवीचा कागद बोटांनी चाचपून म्हणाले, "खाऊन झालं की पिशवी खाली दे हं. जाड आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बिर्याणी गरम होती आणि आम्ही ती खाल्ली.

वाईट दिवसांतल्या सवयी चांगल्या दिवसांत टिकतात का, ह्यावर प्रसाद आणि मी अजून वाद घालतो. तो म्हणतो, टिकत नाहीत, आपल्याकडे बघ. मी म्हणते, अण्णांकडे बघ. मग वाद तिथंच थांबतो, कारण अण्णांकडे बघितलं की पुढचं आठवतं.

अक्का अधूनमधून धडपडायला लागल्या होत्या. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, दंडावर काळेनिळे डाग दिसायचे. ओट्यावरचा तांब्या कोपरानं खाली यायचा. त्या म्हणायच्या, "ह्या उजेडात दुसरं काय होणार?" आणि आम्ही सगळे हसायचो. त्या घरात धडपडणं हा सर्वमान्य विनोद होता. मीच नाही का पहिल्या दिवशी सायकलीवर आदळले? एकदा त्या मला म्हणाल्या, "रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय गं मला, चुडीसारखं." मी म्हणाले, "अक्का, तुम्हाला अण्णांच्या बल्बची सवय. खरा दिवा बघितला की डोळे दिपणारच." त्यांनाही ते पटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. इथं लिहिते आहे, कारण अण्णांची बाजू सांगायची तर माझीही सांगायला हवी.

एप्रिलमधली दुपार. गच्चीवर ऊन असं की चपलेशिवाय पाय ठेवता येत नव्हता. अक्कांनी सांडगे घातले होते, धोतराच्या पांढऱ्या कापडावर ओळीनं. मी राखण करायला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. अक्का सांडगे उलटवायला वर आल्या, माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलत, आणि बोलता बोलता सरळ सांडग्यांवरून चालत आल्या. दोन ओळी तुडवल्या गेल्या. चपलेखाली काहीतरी मऊ दबलं तेव्हा थांबल्या.

"अक्का, सांडगे," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घालून बघितलं. मग वर सूर्याकडे, मग माझ्याकडे.

"ह्यांनी इथंही तेच बल्ब लावलेत की काय गं?" त्या म्हणाल्या.

मी हसले. त्याही हसल्या. आणि मग दोघींचंही हसू एकदमच थांबलं, कारण डोक्यावर भर दुपारचं ऊन होतं आणि दोष द्यायला तिथं बल्ब नव्हता. अक्का तिथंच, त्या तापलेल्या गच्चीवर, तुडवलेले सांडगे एकेक उचलायला बसल्या. समोरचे नेमके उचलत होत्या. बाजूचे राहून जात होते.

मी खाली जाऊन अण्णांना सांगितलं. ते खिळे सरळ करत होते. हातोडी खाली ठेवली, जिन्याखालच्या खोलीत गेले आणि एक पितळी नट घेऊन आले. अक्कांना अंगणात खुर्चीवर बसवलं.

"समोर फाटकाकडं बघ. मान हलवायची नाही. नट दिसला की सांग."

त्यांनी नट अक्कांच्या कानामागं धरला आणि हळूहळू पुढं आणायला लागले, लेथवर हत्यार सरकवतात तसे, एकेक सूत. मी शेजारी उभी होते. कान मागं पडला, गालाचं हाड मागं पडलं. मला वाटत होतं आता म्हणतील, आता म्हणतील. नट जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "हं, दिसला." अण्णांनी जिथं हात होता त्याच्या खाली फरशीवर खडूनं खूण केली. पुन्हा मागून सुरू केलं. तीनदा केलं. तिन्ही खुणा एकावर एक आल्या. दुसऱ्या डोळ्याला थोडी जास्त जागा होती, पण फार नाही.

"मोजणी चुकत नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि नट खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी प्रसादच्या गाडीतून आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बराच वेळ तपासलं, मग खुर्ची ओढून अण्णांच्या समोर बसली.

"अज्जा, हा काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे. जेवढं गेलंय ते परत येत नाही. राहिलंय तेवढं थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करायचा. रोज रात्री एक थेंब, चुकवायचं नाही. आणि बाटली फोडली की महिन्यानं टाकून द्यायची. आत औषध उरलं असलं तरी टाकायची, नवी घ्यायची."

"कमी उजेडात काम केल्यानं झालं काय हे?" अण्णांनी विचारलं.

"नाही. त्यानं नाही होत."

"नक्की?"

"नक्की. फक्त तीनचार वर्षं आधी यायला पाहिजे होतं. पण तुमची चूक नाही, हा दुखत नाही ना, कडेनं हळूच येतो. घरच्यांना कळत नाही."

"कळलं असतं," अण्णा म्हणाले. "घरात उजेड असता तर कळलं असतं."

डॉक्टर थेंबांची चिठ्ठी लिहायला लागली. अक्का मात्र म्हणाल्या, "चला आता, मला भूक लागलीय." सगळ्या आयुष्यात भूक लागलीय असं त्यांनी आपणहून म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

त्याच संध्याकाळी अण्णा स्टुलावर चढले. प्रसाद म्हणाला मी काढतो, तर नको म्हणाले. दोन्ही बल्ब स्वतः काढले. ते अजून चालू होते. कपाटावरचं ट्यूबलाईट खोक्यातून निघालं, ते मधल्या खोलीत लागलं, आणि दुसरं प्रसादनं जाऊन आणलं ते स्वयंपाकघरात. प्रसादच्यानं राहवलं नाही.

"अण्णा, एक सांगू? त्या दोन बल्बांपेक्षा हे कमी करंट खातं."

"ठाऊक आहे."

"मग?"

अण्णा धोतराच्या सोग्यानं बल्ब पुसत होते. वीस वर्षांची धूळ होती त्यांच्यावर.

"पोरानं आणलं तेव्हाच ठाऊक होतं. एकदा काढायला चढलो पण होतो. हात जाईना." दुसरा बल्ब पुसायला घेत म्हणाले, "काढले की परत ते दिवस येतील असं वाटायचं."

म्हणजे काटकसर नव्हतीच ती. मी इतके दिवस जिला शिस्त म्हणत होते ती भीती होती, आणि तीही त्या कुलूप लावलेल्या फाटकाची. मला त्या क्षणी अण्णांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. अक्का नव्या उजेडात स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. "अगं बाई, ओट्यामागं किती काजळी," म्हणाल्या, "सगळ्यांनी काय म्हटलं असेल मला." आणि चोथा घेऊन भिंत घासायलाच लागल्या.

थेंबांची बाटली महिन्यानं टाकायची होती. त्या दिवशी अण्णांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. बाटली उजेडाला धरून दाखवली. आत अर्ध्याहून जास्त औषध होतं.

"टाकायचं?" त्यांनी विचारलं.

"टाकायचं म्हणालीय ती."

ते कचऱ्याच्या बादलीपाशी गेले. परत आले. पुन्हा बाटली हलवून कानाशी नेली. मग पुन्हा गेले आणि टाकली. अण्णांना काही टाकताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. बादलीचं झाकण त्यांनी दोनदा दाबून लावलं. नंतर दर महिन्याच्या त्या तारखेला, एकदाही न चुकता, बाटली टाकली गेली. खोकं मात्र ठेवलं जायचं. त्यात छोटे स्क्रू बसतात म्हणे.

पुढं आम्ही विद्यानगरात फ्लॅट घेतला आणि केशवापूर सुटलं. सुरुवातीला दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. मुलगा आईबापांना बेंगळूरला न्यायला दोनदा येऊन गेला. अक्का म्हणाल्या, "इथली भिंत न् भिंत माझ्या हाताला ठाऊक आहे, तिथं मी काय करू?" आणि विषय संपला. थेंबांनी जमेल तेवढं धरून ठेवलं, पण उतार थांबला नाही.

गेल्या महिन्यात गेले होते. दुपारचे चार वाजले असतील. फाटकापाशीच मी थांबले, कारण घरातला एकूण एक दिवा चालू होता. मधली खोली, स्वयंपाकघर, जिन्याखालची खोली, ओसरी. बाहेर लख्ख ऊन. मला आधी वाटलं, घरात काही कार्य आहे. आत अक्का मधल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, मूठभर लसूण मांडीवरच्या ताटात, बोटांनी सोलत. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावर हात फिरवून "बारीक झालीस" म्हणाल्या. मी झाले नव्हते. अण्णा मागच्या अंगणात होते, ठक्-ठक् ऐकू येत होतं.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे निघाले. उंबऱ्यावर पाय पडायच्या आधी माझा हात बटणावर पडला. खरंच सांगते, मी ठरवून काही केलं नाही. डाळ भिजवायची विसरले, साबणाचे तुकडे फेकून देते, टूथपेस्टचं पोट कापून कितीतरी वर्षं झाली, पण अण्णांनी शिकवलेली तेवढी एक गोष्ट हातात राहून गेली होती. मधल्या खोलीतलं ट्यूबलाईट विझलं. खिडकीतून ऊन येत होतं, मला काही फरकच वाटला नाही.

"कोण आहे?" अक्का म्हणाल्या. लसणाचं ताट त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "अहो? काय झालं? कुठं गेला तुम्ही?"

मागची ठक्-ठक् थांबली. अण्णा हातोडी हातात घेऊनच आत आले.

"मी बंद केलं," मी म्हणाले. "चुकून. दिवसाचं लागलं होतं म्हणून."

"इरली," अण्णा म्हणाले, "इरली, इरली," आणि बटण दाबलं. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "तिला आता दिव्याचा उजेड तेवढा कळतोय. बाकी काय नाही. तेवढ्यात कसली काटकसर करायची बाळ?"

मला रडू येत होतं, आणि ते अक्कांना दिसणार नाही हे कळून जास्तच येत होतं. मी तिथंच दोघांच्या मध्ये, भिंतीवरच्या दिव्यासमोर उभी राहिले. अक्कांनी मान वर केली, दिव्याच्या दिशेनं, आणि कपाळाला आठी घातली.

"मध्ये कोण उभारलंय गं?" त्या म्हणाल्या. "जरा सरक की. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.